माइकला मागून ऐकू येतं

आमच्या घरात हळू बोलायची रीत नव्हती. आई चुलीपुढून बोलली तरी गल्लीच्या तोंडाशी पानठेल्यावर ऐकू जाई, आणि पानठेलेवाला तिथूनच उत्तरही देई. लोकांना वाटायचं, माइकवाल्याचं घर आहे, यांचे घसेच तसले. बाबांना सारी वस्ती 'माइकवाले भाऊ' म्हणायची. त्यांचं खरं नाव माझ्या शाळेच्या दाखल्यावर तेवढं होतं. दोन खोल्यांचं घर, त्यातली पुढची खोली भोंग्यांची. एकात एक घातलेले भोंगे छतापर्यंत रचलेले, खाली वायरींची वेटोळी, कोपऱ्यात अॅम्प्लिफायर, आणि डाग देताना जळणाऱ्या राळेचा वास भिंतींत मुरलेला. एका फुटक्या भोंग्यात आई कांदे ठेवायची. पाहुणा आला की त्याला आधी बसायला जागा करावी लागे, मग पाणी. या खोलीतच मी शिकले, आणि शिकत शिकत इंजिनिअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत पोचले. वस्तीतल्या बायका आईला विचारत, "पोट्टीले माइक लावाले कॉलेजात कायले धाडता वं?" आई म्हणायची, "तुमच्या पोट्ट्याईले लावता येत नाही म्हणून."

माइकच्या धंद्यात हातापेक्षा कान मोठा. स्पीकरमधला आवाज परत माइकमध्ये शिरला, की तो पुन्हा स्पीकरमधून निघतो, पुन्हा माइकमध्ये जातो, आणि बघता बघता त्याची कान फाडणारी शिट्टी होते. ही शिट्टी एकदम येत नाही. आधी गाण्याच्या मागे एक बारीक, केसासारखी रेघ ऐकू येते. ती ज्याला ऐकू आली त्याने बटण जरासं मागे घेतलं की लोकांना पत्ताही लागत नाही. बाबांना ती रेघ सगळ्यांच्या आधी ऐकू यायची. कव्वाली रंगात आली असताना ते गप्प बसून असत, बोटं बटणावर, आणि मधूनच बोट इवलंसं हले. का हललं ते फक्त मला कळे. मला त्याचा फार गर्व होता, आणि तो मी कॉलेजात कोणाला दाखवत नसे, कारण तिथे बापाचा धंदा विचारला की पोट्टे हसत. हसोत बापडे.

मग एके सकाळी आई कुकर लावून बाहेर गेली. कुकरच्या शेजारी बाबा पेपर वाचत बसले होते. ती परत आली तेव्हा घरभर करपल्याचा वास, आणि बाबा म्हणतात, "अजून शिट्टी झाली नाही का वं?" शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊन गेल्या होत्या, शेजारीण भिंत ठोकत होती. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. त्या दिवसापासून आई आणखी मोठ्याने बोलायला लागली. बाबांना जाड आवाज यायचे, बोलणं यायचं, ट्रकचा हॉर्न यायचा. बारीक, उंच असं काही आलं की त्यांच्या कानाला ते शिवायचंच नाही. आयुष्यभर भोंग्यांच्या तोंडाशी बसल्यावर दुसरं काय होणार? आई दवाखान्याचं नाव काढी, तर ते उसळत, "मले काय झालं? तुमचंच तोंड पुटपुटून राहिलं!" त्या घरात आमचं तोंड पुटपुटतंय हे ऐकून भोंगेसुद्धा हसले असते.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. मागच्या जयंतीला विहारापुढच्या मैदानात द्रौपदाबाई गात होत्या. वस्तीतली सगळ्यात जुनी कव्वाली गाणारी बाई, आमच्यासाठी देव्हाऱ्याच्या जागी. ऐन रंगात माइकने अशी शिट्टी मारली की बाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले, लेकरं रडायला लागली, मागून पोट्ट्यांनी हुर्यो केला. बाबांचा हात बटणावर गेला, पण किती उशिरा! जयंती कमिटीचे अध्यक्ष गजभियेकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊ, आता पुढच्या साली सदरच्या दुकानातून नवीन साउंड आणू." बाबा घरी आले, जेवले नाहीत. वस्तीची जयंती गेली म्हणजे लग्नं गेली, बारशी गेली, आणि खरं तर बाबाच गेले, कारण 'माइकवाले' सोडून ते दुसरे कोणी नव्हतेच. वर्षभर आईने गजभियेकाकांच्या बायकोची इतकी मनधरणी केली, की कमिटीने शेवटची संधी दिली. शेवटची, हा शब्द गजभियेकाकांनी आमच्या दारात उभं राहून मुद्दाम दोनदा म्हटला. बाबांच्या कानाची गोष्ट आई आणि मी, दोघींच्या पोटात होती, आणि बाबांच्याही. पण तिघं एकमेकांना ती सांगत नव्हतो.

मी ठरवलं, शिट्टी धरायला कान नाही ना, मग शिट्टी होऊच द्यायची नाही. वय असं होतं, की गणिताने जग सरळ होतं यावर माझा पक्का विश्वास. बाबांनी त्या साली एक जुना वापरलेला परदेशी माइक घेतला होता. त्याच्या डब्यावर एक लांबलचक इंग्रजी शब्द होता, आत कागद काही नव्हता. तो शब्द मी आमच्या सरांना दाखवला. सरांनी फळ्यावर समीकरण लिहिलं: r बरोबर एक अधिक तीन cos थीटा. हे ध्रुवीय समीकरण, म्हणाले; थीटा म्हणजे माइकच्या तोंडापासून मोजलेली दिशा, आणि r म्हणजे त्या दिशेने माइक किती ऐकतो. r जिथे शून्य तिथून माइक बहिरा. एवढं सांगून सर पुढच्या तासाला गेले, आणि मी वेड्यासारखी घरी पळाले. माइक कुठून बहिरा आहे ते कळलं, की स्पीकर तिथे ठेवायचा. संपलं! देव पावला असता, पण आमच्याकडे देव नव्हते, कॅल्क्युलेटर होता.

तो मामाने आणलेला. मामा मस्कतला वेल्डर होता. त्याला माझ्यासाठी टू-इन-वन आणायचा होता. मी रडून-भेकून आलेख काढणारा कॅल्क्युलेटर मागवला. हातात मावणारा, राखाडी काचेचा, त्या काळी नागपुरात अख्ख्या कॉलेजात असला दुसरा नव्हता. आज माझी नात मोबाइलवर बोट फिरवते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत वक्र हजर; तिला सांगून पटत नाही की आमचा यंत्रोबा एकेक ठिपका मोजून टाकायचा. त्यात ध्रुवीय समीकरण थेट घालायची सोयही नव्हती. छोटा प्रोग्राम लिहायचा: थीटा थोडा वाढव, r काढ, त्याचे x आणि y कर, ठिपका टाक, पुन्हा मागे जा. मी कूलरसमोर बसून तो लिहिला. समोरून वाळ्याचा ओला वास, आतून आईच्या पाटवड्यांच्या रश्श्याचा ठसका, आणि काचेवर ठिपका-ठिपका करत आकार येऊ लागला. मधला बिंदू म्हणजे माइक. त्याच्या पुढे मोठा, फुगीर आंबा, आणि आंब्यात कोय असावी तसं आत एक लहान वेटोळं. बिंदूच्या मागे काही नाही. कोरी काच! मी ओरडलेच, "बाबा, याले मागून काहीच आयकू येत नाही!" बाबा चमच्याने रस्सा चाखत होते. म्हणाले, "कोणाले?" मला वाटलं जीभ हासडून घ्यावी. "माइकले," मी म्हटलं. ते म्हणाले, "बरं हाय बिचाऱ्याचं." आंब्याच्या पोटातली ती कोय कशाची, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही. यंत्राने काढलं, सुंदर दिसलं, बस.

आणि त्या वर्षी द्रौपदाबाईंनी एक अट घातली होती. त्यांचा आवाज थकला होता. लोकांकडे तोंड केलेल्या भोंग्यांतून त्यांना स्वतःचं गाणं ऐकू येत नसे, मग त्या सूर सोडून जात. "माझ्याकडं तोंड करून एक डबा ठिवा," त्या म्हणाल्या, "मले माझाच आवाज पायजे." गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर म्हणजे शिट्टीला जेवायचं आवतण. दुसरा कोणी माइकवाला असता तर हात जोडले असते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माइकचं तोंड गाणाऱ्याकडे, म्हणजे त्याची पाठ लोकांकडे. मी म्हटलं, डबा बरोब्बर माइकच्या पाठीमागे, स्टेजच्या पुढच्या काठावर ठेवू, बाईंकडे तोंड करून. तिथून माइक बहिरा आहे. बाबा म्हणाले, "पोरी, पक्कं?" मी म्हटलं, "गणित आहे, बाबा." हे 'गणित आहे' मी ज्या तोऱ्यात म्हटलं, तो तोरा आठवला की अजूनही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

जयंतीच्या दिवशी ऊन असं, की मैदानातल्या सतरंज्या पायाला चटके देत होत्या. दुपारी आईने डब्यात भाकर, जवसाची चटणी आणि कैरीचा तक्कू पाठवला. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. कलत्या उन्हात द्रौपदाबाई आल्या, पांढरी साडी, तोंडात पान. कमिटीची माणसं खुर्च्या मांडत होती. बाईंनी माइकसमोर बसून "हॅलो" केलं, मग एक ओळ धरली. बाबा अॅम्प्लिफायरशी, मी त्यांच्या बाजूला. आवाज छान येत होता. बाईंनी हाताने खूण केली: डब्यातून अजून. बाबांनी बटण वाढवलं. अजून. बाबांनी अजून वाढवलं. आणि मला ती ऐकू आली. बारीक, केसासारखी रेघ, थेट त्या डब्यातून. मी बाबांच्या बाहीला धरलं. त्यांना वाटलं, अजून वाढव म्हणते. त्यांनी वाढवलं.

ती शिट्टी! खुर्च्या मांडणारे जागच्या जागी कानात बोटं घालून उभे राहिले, झाडावरचे कावळे उडाले, बाईंच्या हातातून पानाचा डबा पडला. आणि माझे बाबा, माइकवाले भाऊ, शांतपणे बाईंच्या तोंडाकडे बघत होते, बोटं बटणावर, अजून वाढवायच्या तयारीत. एक क्षणच. मग शिट्टीचा जाड भाग त्यांच्यापर्यंत पोचला आणि त्यांनी बटण झटक्यात बंद केलं. पण त्या क्षणात गजभियेकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं होतं. काका स्टेजवर चढले. बाबांच्या समोर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, तुमाले आयकू येत नाही का?"

"येते ना," बाबा म्हणाले. "नवीन माइक हाय. जमून जाईन."

"तुमचा हात उलटा जाऊन राहिला होता. मी पायलं."

"अवो जमून जाईन, म्हटलं ना!"

काकांनी वाद घातला नाही. खाली उतरले आणि एका कार्यकर्त्याला स्कूटरवर सदरला पाठवलं, दुसरा साउंड टेम्पोत घालून आणायला. माझ्या गणिताने बाबांचं झाकलेलं सगळं भर मैदानात उघडं पाडलं होतं. मी पडद्यामागे जाऊन बसले, कॅल्क्युलेटर काढला आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. का चालवला, कोण जाणे. रडण्यापेक्षा बरं म्हणून असेल. बाबा मागून येऊन माझ्याशेजारी उकिडवे बसले. दोघं त्या राखाडी काचेकडे बघत राहिलो. ठिपके पडू लागले. थीटा शून्य, ठिपका समोर, लांब. थीटा वाढला, आंब्याची कड वर चढली, वळली, बिंदूकडे आली. काटकोन ओलांडून थोडं मागे गेल्यावर ठिपका थेट बिंदूत शिरला. शून्य. आणि मग कोय सुरू झाली.

मी मनात कोन मोजत होते. काटकोनाच्या पलीकडे, अजून पलीकडे, एकशे ऐंशी. कोन माइकच्या बरोब्बर पाठीमागचा, आणि ठिपका पडला पुढे! आंब्याच्या पोटात! अव माय! r ऋण झाला होता. ऋण अंतर म्हणजे उलट्या दिशेने चालायचं, म्हणून यंत्राने मागचं सगळं उचलून पुढे काढलं होतं. यंत्राची चूक नव्हती. वक्र तसाच काढतात. पण माइकच्या पडद्याला ऋण-धन कुठलं? तो मागून येणारं ऐकतोच, फक्त उलटा हलतो. ती कोय म्हणजे माइकचा मागचा कान. आणि लहानसहान नाही, पुढच्याच्या निम्मा. मी डबा नेमका त्या कानाशी नेऊन ठेवला होता.

"बाबा," मी म्हटलं, "मीच उलटं वाचलं. याले मागून आयकू येते. बहिरा हाय तो बाजूनं. इथून, आणि इथून." मी हात दोन्हीकडे पसरून थोडे मागे नेऊन दाखवले. बाबांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग काचेकडे. "आता पक्कं?" मला 'गणित आहे' म्हणायची छाती झाली नाही. मी म्हटलं, "मले वाटते पक्कं." ते म्हणाले, "मंग चाल."

एका डब्याचे दोन करायचे होते. बाबांनी मैदानातला एक काढून आणला. माइकच्या डाव्या-उजव्या अंगाला, जरा लोकांच्या बाजूला सरकवून, दोघांची तोंडं बाईंकडे. आम्ही वायरी ओढत असताना गजभियेकाका पुन्हा वर आले. "बस झालं, भाऊ. टेम्पो येऊन राहिला. तुमची इज्जत आहे म्हणून म्हणतो, गुमान सामान उचला." मी त्यांना ऋण r समजावायला गेले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नघरात हिशेब काढणाऱ्याकडे पाहतात. तेवढ्यात बाबा उभे राहिले. वायर हातातच होती. आणि आमच्या घरच्या आवाजात, खुर्च्या मांडणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"गजभियेभाऊ, मले आयकू येत नाही. बारीक आवाज येतच नाही. मागच्या जयंतीलेबी आला नव्हता. म्हणून बटण आज माझ्या हातात राहणार नाही. हे पोट्टी बसन. हिले येते."

जे आई आणि मी वर्षभर पोटात धरून बसलो होतो, ते त्यांनी वायरीच्या वेटोळ्यासारखं सरळ खाली टाकलं. मला त्यांचा राग आला, खरं सांगते, भयंकर राग आला. आणि त्याच वेळी वाटलं, धावत जाऊन त्यांच्या कमरेला मिठी मारावी. गजभियेकाका तोंड उघडणार तोच द्रौपदाबाई बोलल्या. "कायले खोळंबा करता गा? टेम्पो येतपर्यंत पोरीचं पाहून घ्या. माझे कान काही भाड्यानं आणले नाहीत, फाटले तर मीच बोंबलीन ना!"

बाबांनी मला अॅम्प्लिफायरसमोर बसवलं. माझा हात धरून बटणावर ठेवला आणि स्वतः स्टेजखाली उतरून उभे राहिले. बाईंनी ओळ धरली. मी बटण वाढवलं. त्यांनी खूण केली: अजून. मी वाढवलं. माझा सगळा जीव कानात. अजून. मगाशी जिथे शिट्टी झाली होती तिथे बटण आलं. रेघ नाही. मी त्याच्याही पुढे नेलं. काही नाही. डब्यांतून बाईंचा आवाज बाईंकडे गेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते सांगता येत नाही. स्वतःचा हरवलेला आवाज त्यांना सापडला होता. त्यांनी डोळे मिटले आणि जी तान घेतली, ती माइक तपासायची तान नव्हती. सदरचा टेम्पो आला तेव्हा गाणं चालूच होतं. टेम्पोवाला उतरला, ऐकत राहिला. गजभियेकाकांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मला येऊन एवढंच म्हणाले, "नीट बसजो वं. लक्ष ठिवजो."

कार्यक्रमभर मी एकदाही मान वर केली नाही. लोक टाळ्या देत होते, बाई एकेक कडवं पुन्हा पुन्हा घेत होत्या, माझं पोलकं घामाने पाठीला चिकटलं होतं. रेघ येईल, आता येईल, असं सारखं वाटत होतं. आली नाही. बाबा पहिल्या रांगेच्या बाजूला उभे होते, लोकांकडे तोंड करून, गाणाऱ्याकडे पाठ. इतकी वर्षं मी त्यांना असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

सगळे गेल्यावर आम्ही वायरी गुंडाळत होतो. बाबा म्हणाले, "मी लोकाईचे तोंडं पाहून राहिलो होतो. एकानंबी कानावर हात ठेवला नाही."

"नाही ठेवला," मी म्हटलं. "एकदाही शिट्टी झाली नाही, बाबा."

त्यांनी हातातलं वेटोळं खाली ठेवलं. मग डब्यावर बसले, माझ्याकडे तोंड करून, माझे ओठ दिसतील असे.

"द्रौपदाबाईचा खालचा आवाज मले आला," ते म्हणाले. "वरचा कसा होता वं?"

मला रडू फुटलं. पण ते वाट बघत होते, म्हणून मी त्यांच्या समोर बसले, डोळे पुसले, आणि पहिल्या गाण्यापासून सांगायला लागले.